कावेरी शाळेत बोलत नाही

सोम. १६ जून
शाळा सुरू. कन्नडच्या एसटीत उभं राहूनच आले, फाट्यावरून चालत. तिसरी-चौथी एकत्र, माझ्याकडं. पहिली-दुसरी साळुंके सरांकडं. मु.अ. म्हणजे मुख्याध्यापकही तेच, कारकूनही तेच, शिपाईही तेच. सुट्टीभर कोणीतरी व्हरांड्यात कोंबड्या बांधत होतं. झाडण्यात पहिला तास गेला.
नवीन मुलगी एक. कावेरी, तिसरी. मेंढपाळांची, पावसाळ्यापुरती वस्ती इथं पडते त्यांची. नाव विचारलं, गप्प. परत विचारलं, गप्प. पोरं खुसूखुसू हसायला लागली. मी बोलून गेले, "तोंड शिवलंय का गं?" वर्ग खदाखदा हसला.
ती नाही. दिवसभर शब्द नाही.

गुरु. २६ जून
कावेरी. अक्षर मोत्यासारखं. वजाबाकी सगळ्यांच्या आधी. पण तोंडातून हूं की चूं नाही. हजेरीला नुसती उभी राहते.
मु.अ. म्हणाले, "ऐकू येत नसंल." येतं. मागं पेन्सिल पडली तरी वळून बघते. चॉकलेट देऊन झालं. जवळ घेऊन झालं. एकटीला बसवून गोडीगुलाबीनं विचारून झालं. विचारलं की पायाच्या अंगठ्याकडं बघते. मीच हैराण.

शनि. ५ जुलै
शहरात प्रशिक्षण. मुलांचं मानसिक आरोग्य. हॉल थंडगार, मागच्या दोन रांगा झोपलेल्या. मीही डुलकी काढली, खोटं कशाला लिहू. सांगणारी बाई माझ्या पोरीच्या वयाची. रोज सकाळी विचारा म्हणाली, आज मन कसं आहे. आणि एक चांगलं बोलली, ज्याला बोलून सांगता येत नाही त्याला सांगायची दुसरी वाट द्या. तेवढं लिहून घेतलं.
येताना गुलमंडीच्या बाजारात उतरून पत्र्याचे दोन डबे घेतले. हे म्हणाले, "लोणचं घालतेस की काय?"

मंगळ. ८ जुलै
वर्गात विचारलं, आज मन कसं आहे? एका सुरात, "बरं आहे बाईऽऽ." चौथीतली सारिका, आमची वकील, उठून म्हणाली, "बाई, मन म्हंजी पोट का?" समजावून सांगायला गेले. आणखीच घोळ. शेवटी निम्म्या वर्गानं पोट दुखत नाही म्हणून सांगितलं.
मग डबे काढले. एकावर ऊन रंगवलंय, एकावर ढग. प्रत्येकाला एक खडा. बोलायचं नाही, कोणी कोणाचं बघायचं नाही, वाटेल त्यात टाकायचा. पोरांना लई आवडलं.
कावेरीनं टाकला. ढगात. मी बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

गुरु. १७ जुलै
तिचे वडील आले, रंगनाथभाऊ. दारातच उभे. "म्याडम, पोरगी बोलती का?"
खरं सांगितलं, अजून नाही.
"घरी तर कान खाती आमचे. इथं बोलत नाय म्हंजी शिकत नाय. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन खाली उतरतो आम्ही. शिकत असंल तर आत्याकडं ठिवीन, आत्या गावातच हाये. नसंल तर संगं नेतो. तेवढीच कोकरं सांभाळील."
वही दाखवली. पानं उलटून नीट बघितली त्यांनी. दोन-तीनदा. "लिहिती छान. वाचून दाखवती का?"
दिवाळीपर्यंत थांबा म्हटलं. बरं म्हणाले. माणूस वाईट नाही, त्याचंही बरोबरच.

शुक्र. २५ जुलै
हसू की रडू.
मधल्या सुट्टीत पाणी घ्यायला स्वयंपाकखोलीकडं गेले. आमच्या खिचडीवाल्या मीराबाई आत. दार लोटलेलं. आतून माझा आवाज! "फळ्याकडं बघा! कोण बोलतंय तिकडं? उभी राहा!" मी बाहेर, आवाज आत. डोकं फिरलं की काय माझं?
मग मु.अ. चा खोकला, तसाच, दोन आखूड एक लांब. मीराबाई हसून हसून बेजार.
फटीतून बघितलं. कावेरी. मांडीवर तांदळाचं ताट, खडे निवडतेय, आणि आमची सगळ्यांची नक्कल चाललीय. सारिकासुद्धा सोडली नाही.
मग हळूच, माझ्याच आवाजात, "तोंड शिवलंय का गं?"
मीराबाई त्याला हसल्या नाहीत.
पाणी न घेताच परत आले.

सोम. २८ जुलै
मीराबाईंना गाठलं. तुमच्याशी कशी काय बोलते?
"बाई, तुम्ही इचारता. मी काय बी इचारत नाय. मी आपली माझंच सांगत बसते, सुनंचं, म्हशीचं. मंग तिला ऱ्हावत नाय, ती बी सांगती."
"कधीपासून?"
"दुसऱ्या दिवसापासून."
"अहो, मग मला सांगितलं का नाही?"
"तुम्ही कुठं इचारलं?"
सहा आठवडे! सहा आठवडे मी पोरीच्या मागं, आणि ही बाई भिंतीपलीकडं. हसावं का डोकं आपटावं.

मंगळ. २९ जुलै
मधल्या सुट्टीत जाऊन तांदूळ निवडायला बसले. मला बघून ती गप्प. मीराबाई मात्र सुनेवर सुरूच. बऱ्याच वेळानं मी ताटाकडंच बघून म्हटलं, "पहिल्या दिवशी मी तुला बोलले, ते चुकलं माझं."
तिनं ताट अर्धं माझ्याकडं सरकवलं.
सत्तावीस वर्षं शिकवतेय. पोरांची माफी मागितल्याचं दुसरं उदाहरण आठवत नाही. आठवायला हवं होतं.

गुरु. ७ ऑगस्ट
हजेरीचा नवा कायदा. "हजर" म्हणायलाच पाहिजे असं नाही. टाळी, चुटकी, पाटीवर टकटक, कोणताही आवाज. सारिकानं गाडीचा हॉर्न काढला. एकानं प्रेशर कुकर, तीन शिट्ट्यांसह. कावेरीच्या नावाला मी वर बघितलंच नाही, मुद्दाम.
कोकरू ओरडलं. म्हणजे काय ओरडलं! भुकेलं, आईला शोधणारं. अख्खा वर्ग वळला. मग टाळ्या.
तेवढ्यात मु.अ. छडी घेऊन दारात. "मेंढरू कुठं घुसलं? हाकला आधी!" वर्ग लोळायला लागला. ते खरोखर बाकाखाली वाकून बघत होते. कावेरी हसली. आवाज न करता, पण खांदे हलत होते.

मंगळ. १२ ऑगस्ट
वर्गात आज बावीस मुलं. डब्यांत खडे तेवीस. सारिकानं दोनदा मोजून तक्रार केली. जास्तीचा ढगात, बाकीच्यांहून मोठा. कोणी चूक केली असेल म्हणून सोडून दिलं.

बुध. १३ ऑगस्ट
चहाच्या वेळी मु.अ. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "कालचा खडा माझा होता." एवढंच.
मी बिस्किटाचा पुडा पुढं केला. काही विचारलं नाही. शिकतेय मीराबाईंकडून. माझ्याच पोरीचं सांगितलं, ती नोकरीला गेल्यापासून ताटं दोनच लागतात, अजून तिसरं काढलं जातं हातून. मग सर बोलायला लागले. त्यांचीही लेक जूनमध्ये पुण्याला गेली. घरी कोणी भांडायलाच नाही म्हणाले. चहा गार झाला. दुसरा केला.

बुध. १७ सप्टें.
मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. गावातले म्हातारे टोप्या घालून. गाण्याच्या रांगेत कावेरी दुसरी. सारिका पळत आली, "बाई, ती गाती! मला ऐकू आलं, एवढुसं." म्हटलं, कोणाला सांगू नकोस. आता सगळ्या गावाला कळलं असणार.

शुक्र. ३ ऑक्टो.
स्वयंपाकखोली. मी तिच्याकडं पाठ करून भाज्या चिरते, ती मीराबाईंना धडा वाचून दाखवते. आठवडाभर हेच चाललंय. आधी नुसता श्वास, मग कुजबुज. आज मला शब्द न् शब्द कळला. एक अख्खं पान. "विहीर" ला जरा अडखळली. मी चिरत राहिले, कोथिंबीर मात्र गरजेपेक्षा फार बारीक झाली.

सोम. ६ ऑक्टो.
वाईट दिवस. तपासणीला साहेब आले. नेमकं कावेरीला उभं केलं, वाच म्हणाले. ती दगड. साहेब म्हणाले, तिसरीत असून वाचन शून्य? मी तोंड उघडायच्या आत मु.अ. पुढं झाले. "साहेब, वाचन शून्य नाही. ती नवीन माणसासमोर बोलत नाही. धड्यावर काय विचारायचं ते विचारा, लिहून देईल." साहेबांनी पाच प्रश्न घातले. पाचही बरोबर. नोंदीत काय लिहिलं ठाऊक नाही.
हेच सर जूनमध्ये म्हणत होते ऐकू येत नसंल.

बुध. ८ ऑक्टो.
कालही आली नाही, आजही नाही. तिचं नाव पुकारलं, कोणीच आवाज काढला नाही. सारिकानं बाकावर हळूच टकटक केली, "बाई, तिची हजेरी मी लावू का?" नाही म्हटलं. नंतर वाईट वाटलं.
मीराबाई म्हणाल्या, सांजच्याला जाऊन येते वस्तीवर. काय सांगाल तिला? "काय बी नाय. म्हशीचं सांगंन."

गुरु. ९ ऑक्टो.
आली! खडा उन्हात टाकला. हे बघायचं नसतं, हे मला अजून जमत नाही.

बुध. १५ ऑक्टो.
दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. पोरांनी मातीचे दिवे रंगवले, निम्मा रंग माझ्या साडीला.
शाळा सुटताना रंगनाथभाऊ आले. भाऊबीज झाली की निघणार म्हणाले. अंगणात सगळेच. मु.अ., मीराबाई, दप्तरं पाठीला लावलेली पोरं. मी वह्या दाखवायला लागले, ती मीराबाईंना धडा वाचून दाखवते हेही सांगितलं. भाऊंनी मान हलवली. "तुम्ही म्हंता ते खरं असंल म्याडम. पण मी तर ऐकलं नाय." मग तिच्यापुढं उकिडवे बसले. "बोल बाई, आत्याकडं ऱ्हाती का संगं येती?"
सगळे तिच्याकडं बघायला लागले. नको, असं नको, सगळ्यांसमोर नको. मी मध्ये पडणार तोच मीराबाईंनी माझा दंड धरला. चांगला चिमटाच.
कावेरीनं अंगठ्याकडं बघितलं. मग वडिलांकडं.
"इचार करून सांगते."
स्वच्छ. मोठ्यानं. माझ्या आवाजात नाही, सरांच्या नाही, तिच्या स्वतःच्या. घोगरा निघाला तो, स्वयंपाकखोलीतल्या कुजबुजीत मला वेगळाच वाटला होता.
भाऊ उकिडवे तसेच. तोंड उघडं. "आं? कवा सांगशील?"
"तुमी निघायच्या आधी."
मु.अ. चष्मा काढून पुसत बसले, चष्मा स्वच्छच होता. सारिकासुद्धा गप्प, हे मी पहिल्यांदाच बघितलं. भाऊ हसायला लागले. "घ्या! मोठी झाली की." पोरीचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर टाकून निघाले. ती पुढं, ते मागं. लांबपर्यंत तिचीच बडबड ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते.
मी म्हटलं, मीराबाई, काय ठरवेल हो ती? राहील का? तुम्ही सुट्टीत एकदा जाऊन जरा अंदाज घेता का? आत्याशी बोलता का? की मीच येऊ, भाऊबीजेच्या आधी, गाडी आहे सकाळची.
मीराबाई पातेलं घासत होत्या. "बाई," म्हणाल्या, "आता तुम्ही गप ऱ्हावा जरा."