चाळीस पायांवरच्या खुणा

सांगली, मंगळवार, ऑक्टोबर १९७५

काय करू मी आता? शाळेचा माल तपासणारे साहेब उद्या सकाळीच येणार.

गेल्या खेपेला त्यांनी आम्ही शाळेसाठी बनवलेल्या दहा बाकांचे पाय उपसून मुद्दाम एकमेकांत मिसळले. एक पाय दुसऱ्या बाकाला बसेना. बसणार कसा? आण्णा, माझे वडील, प्रत्येक पायाचं टोक त्याच्या-त्याच्या भोकापुरतं तासतात आणि जोडी चुकू नये म्हणून पटाशीनं खुणा पाडतात. साहेब म्हणाले, "कुठलाही पाय कुठंही बसला पाहिजे. खूण दिसली की माल परत." आण्णा घरी येऊन हसले, "माणसाचं पाय बदलून चालतंय व्हय रं?"

म्हणून पाय तासायचं मशीन आणलं. चाळीसच्या चाळीस पाय एकसारखे निघाले, मी स्वतः अदलाबदल करून पाहिले. आण्णांना म्हटलं, तुम्ही आता नुसता पॉलिशपेपर मारा. ते पटाशीला धार लावत बसले. तेव्हाच कळायला हवं होतं मला!

आज वखारीतून परतलो, तर सगळ्या पायांच्या टोकांना खुणा. एक, दोन, तीन, चार. चांगल्या खोल. तासून काढाव्यात, तर टोक सूतभर बारीक होऊन भोकात डुगडुगणार. ठेवाव्यात, तर माल परत.

ओरडणार होतो. पण आण्णा आज पोटभर जेवले, मशीन आल्यापासून पहिल्यांदाच. आत्ता दारात बसून विचारत होते, "लय दिसांनी हात चालला बघ. उद्या सायबाला माझ्या खुणा दावशील न्हवं?"

मी व्हय म्हणालो.