आणखी चार रात्रींची वीज

प्रति,
मा. कनिष्ठ अभियंता,
वीज वितरण शाखा कार्यालय,
ता. कोरेगाव, जि. सातारा.

विषय : माळवस्तीच्या शेतीपंपांची रात्रपाळी दि. १५ ते १८ डिसेंबर अशी आणखी चार रात्री चालू ठेवण्याबाबत.
संदर्भ : कार्यालयाबाहेर लावलेले वीजपाळीचे वेळापत्रक.

महोदय,

विनंती अशी की, मी दि. ६ रोजी टोरांटोहून दोन वर्षांची मुलगी रेवा हिच्यासह सासरी आले. तिकडचा दिवस ती इकडे रात्री काढते. दुपारी उन्हात फिरवले, तोंडावर पाणी मारले, माधवनगरहून आईने फोनवर सांगितलेले सर्व उपाय केले. ती ताटावरच झोपते व रात्री एक वाजता चेंडू मागते. डॉक्टरांच्या मते अंगातले घड्याळ रोज जेमतेम पाऊण तास सरकते. त्या हिशेबाने ती १९ तारखेच्या सुमारास इथल्या वेळेवर येईल आणि १९ लाच आमचे परतीचे विमान आहे.

२. सासरे श्री. आकाराम बर्गे यांना तिने आजवर मोबाईलवरच पाहिले होते. पहिल्या दिवशी त्यांना बघून तिने माझ्या ओढणीत तोंड लपवले. परंतु वीज रात्रीची असल्याने ते उसाला पाणी पाजायला, दारं धरायला जागे असतात. विहीर घरालगतच आहे. सऱ्या भरेपर्यंत ते अंगणात येऊन बसतात. तिसऱ्या रात्री ती आपणहून त्यांच्या घोंगडीत शिरली. सासूबाई म्हणतात, "अगं, ह्यांनी चाळीस वर्सं रातीच्या पाण्याला शिव्या घातल्या, आन् आता दिस मावळायची वाट बघत्यात."

३. सोमवारपासून वीज दिवसा येणार. मग सासरे रानात, रेवा झोपेत. रात्री ती जागी, ते झोपेत. एका घरात राहून दोघांची गाठ पडणार नाही.

४. सोबत अकरा शेतकऱ्यांच्या सह्या आहेत. प्रामाणिकपणे कळवते की, त्या न वाचता झाल्या. विजेचा अर्ज म्हणजे दिवसाचीच वीज मागितली असणार, असे सर्वांनी धरले. काल मी तो वाचून दाखवला. चुलत सासरे दादासो म्हणाले, "पोरी, आमी धा वर्सं दिवसाची मागतुय आन् तू रातीची?" त्यांनी पेन मागितले. सही खोडतील असे वाटले. त्यांनी पुढे लिहिले, 'फक्त चार रात्री. वर एकबी न्हाई.' बाकी दहा जणांनी 'वरीलप्रमाणे' लिहिले आहे.

५. अर्ज नामंजूर झाल्यास सासरे दिवसभर दारं धरून रात्रीही जागणार, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. त्यांचे वय एकाहत्तर आहे. म्हणून रविवारच्या आत निर्णय कळवावा.

आपली विनम्र,
सौ. पल्लवी इंद्रजित बर्गे
माळवस्ती, ता. कोरेगाव
दि. १२ डिसेंबर २०२५ (भर दुपारी, मुलगी झोपलेली असताना)

सोबत : सह्यांचा कागद, परतीच्या तिकिटाची झेरॉक्स, आजोबा-नातीचा पहाटे तीनचा फोटो (परत मिळावा).