पेठमार्गे, पेन्सिलने

बाबा,

तुमचा जिल्ह्याचा नकाशा माझ्याकडे आहे. घड्यांवर फाटलाय, मागून चिकटपट्टी लावली आहे. सायकलवरून फिरून आलो की संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या फरशीवर पसरायचा आणि पेन्सिलने आखलेल्या रस्त्यावर तुम्ही निळं पेन फिरवायचात. त्र्यंबकेश्वरला निघण्याआधीच मी एकदा पेनाने रेघ ओढायला घेतली, तर तुम्ही पेन काढून घेतलंत. "जाऊन आल्याशिवाय शाई नाही. आधी पाय, मग पेन."

आता मी नकाशांच्याच सॉफ्टवेअरवर काम करते. फोन प्रत्येक चढ आधी दाखवतो, रस्ता चुकला तर लगेच सांगतो. कागदाला यातलं काही जमत नाही. पेठ रस्त्यावरचा तो दिवस आठवतो. तुम्ही एका मोटरसायकलवाल्याला विचारता, पुढे चढ किती. "काय नाय, आलंच," म्हणून तो निघून जातो आणि आपण घामाघूम होऊन सायकली ढकलत राहतो. मग डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई भेटते. "चढ लय हाय," ती म्हणते, "पन वर बसायला जांभूळ हाय." तुम्ही नकाशा उघडून तिथे छोटंसं झाड काढता. "चढ विचारायचा तर ओझंवाल्याला विचार. गाडीला काय कळतंय?" त्या जांभळाखालूनच आपण परतलो. पेठमार्गे सुरगाण्याची रेघ पेन्सिलचीच राहिली; ती पुढच्या हिवाळ्यात पुरी करायचं ठरलं. त्याआधी तुम्ही गेलात.

मागच्या आठवड्यात मी आमच्या सायकलच्या ग्रुपबरोबर सुरगाण्याला जाऊन आले. ठरवताना मी तुमचा नकाशा काढला, तर एकजण म्हणाला, "मॅडम, खजिना शोधायचाय का?" मी हसले नाही. फोनवर दोन्ही रस्ते दाखवले. पेठच्या पुढे पुन्हा पुन्हा दरीत उतरून चढायचं, वणीमार्गे चढ बराच कमी. सगळ्यांनी वणी म्हटलं.

घरी आल्यावर नकाशा पसरला, वणीमार्गे गेलेला रस्ता निळा केला. पेठची रेघ तशीच आहे. अख्ख्या नकाशावर तेवढीच एक पेन्सिलची उरली आहे. तुमच्या नियमाने तिच्यावर शाई चालत नाही. हे पान मी त्याच घडीत ठेवते आहे.

चढाचे आकडे बरोबर होते, बाबा. फक्त ते मी मनात वणीमार्गे जायचं ठरवल्यानंतर काढले.