स्टुडिओ शीतलच्या नावे

मी, हेमलता अमरसिंग गिरासे, वय २९ वर्षे, धंदा फोटोग्राफी, राहणार शिरपूर, जिल्हा धुळे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे मन ठिकाणावर आहे. स्वभावाने मी काळजी करणारी आहे. कुलूप नीट लागले का हे पाहायला मी बस स्टँडवरून दोनदा परत आलेली आहे. पण मला कळत नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. तसे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले असून तो कागद सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही.

१४ तारखेला नाशिकला माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. धोका कमी आहे असे डॉक्टर म्हणाले. कमी म्हणजे किती, असे मी विचारले. त्यांनी सांगितले. त्याच दिवशी मी हा कागद आणला.

१. माझे लग्न झालेले नाही. आई हयात नाही. वडील अमरसिंग, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, धाकटा भाऊ लखन आणि लखनची बायको शीतल, एवढेच माझे कुटुंब. बाजारपेठेतला गाळा आबांनी बक्षीसपत्राने माझ्या नावे केला आहे व त्यात मी सहा वर्षांपासून स्टुडिओ चालवते. मी काही न लिहिता गेले तर गाळा आबांकडे परत जाईल. आबांना आता दिसत नाही, त्यांचे सगळे कागद लखन पाहतो, आणि लखनने मोबाइलच्या दुकानासाठी भाडेकरू मनाशी ठरवून ठेवला आहे. हे मृत्युपत्र लिहिण्याचे कारण एवढेच आहे. बाकीची कलमे ओघाने आली.

२. बँकेतली सर्व बचत आबांना. त्यांचा जुना रोलचा कॅमेराही त्यांनाच, कारण तो कधी माझा नव्हताच. आबांनी मला त्याच कॅमेऱ्यावर शिकवले. पहिले आठ दिवस त्यांनी कॅमेरा हातात दिला नाही. दारात एक तांब्या ठेवायचे आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी त्याची सावली कुठे पडते ते वहीत काढायला लावायचे. मग महिनाभर रिकामा कॅमेरा. "रोल महाग शे," म्हणायचे, "आधी पाहाले शिक, मंग बटन दाब." मी चौदा वर्षांची होते आणि मला ते सगळे छळ वाटायचे.

३. चुलतभाऊ धर्मेंद्र याच्याकडे माझा एक फ्लॅश चार वर्षांपासून आहे. तो त्याने परत करू नये. धुळ्यात त्याच्या कंपनीसाठी मी तीन सीझन लग्ने केली. त्या काळात मला फक्त हळद, मेंदी आणि बायकांची पंगत दिली जायची. "स्टेजवर लेडीज बरी दिसत नाही," असे तो म्हणायचा आणि मी काढलेल्या फोटोंवर स्वतःचे नाव छापायचा. मात्र अंधाऱ्या खोलीत, पंचवीस बायकांच्या गर्दीत, एका खिडकीच्या उजेडावर काम कसे करायचे, हे मला त्यामुळेच आले. म्हणून फ्लॅशचा हिशेब मिटला असे धरावे. नाव छापल्याचा मिटलेला नाही.

४. गाळा, त्यातले सर्व सामान, दोन्ही कॅमेरे, लेन्स, लाइट, संगणक, प्रिंटर आणि स्टुडिओचे नाव, हे सर्व मी शीतल लखन गिरासे हिला देत आहे. लखनला नव्हे व दोघांना मिळूनही नव्हे. एकट्या शीतलला.

शीतल दीड वर्षापासून माझ्याकडे शिकते. सुरुवातीला डबा द्यायला यायची. एकदा मी एका गिऱ्हाइकाचा पासपोर्ट फोटो काढत असताना म्हणाली, "ताई, यांच्या एका गालावर उजेड आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं का?" हा प्रश्न पैसे देऊन कोर्स केलेल्या मुलांनीही मला कधी विचारला नव्हता. डोक्यावरचा पदर सारखा कॅमेऱ्यावर यायचा, म्हणून तिने तो दोन पिनांनी मागे बसवायला सुरुवात केली. लखनने पिना पाहिल्या आणि घरी जेवताना विषय काढला.

"ताई, लोकांच्या मांडवात आमच्या घरची सून कॅमेरा घेऊन पळणार का?"

"मी पळतेच ना."

"तू लेक आहेस."

आबा भाकरी मोडत होते. ते म्हणाले, "मंग सूननी दुकानमा बसीसन पळो." कोणालाच नीट कळले नाही, पण विषय तिथेच थांबला.

५. वरील कलम पुढील अटींवर आहे. शीतलने एक वर्ष एकच लेन्स वापरावी, पन्नास एमएमची. झूम फिरवण्याऐवजी स्वतः पुढे-मागे चालावे. रोज एकाच माणसाचा, शक्यतो आबांचा, एक फोटो वेगवेगळ्या उजेडात काढावा. बिघडलेला फोटो का बिघडला हे वहीत लिहिल्याशिवाय पुसू नये. शंभरातले दहाच गिऱ्हाइकाला दाखवावेत. नव्वद दाखवणारा अजून शिकाऊ असतो. पहिली पाच लग्ने दुसऱ्या फोटोग्राफरच्या हाताखाली करावीत, पण त्याआधी फोटोंवर नाव कोणाचे येणार ते लिहून घ्यावे. प्रत्येक मेमरी कार्डाच्या दोन प्रती त्याच दिवशी कराव्यात. तारीख दिली तर ती पाळावी. पाळता येणार नसेल तर आदल्या दिवशी स्वतः फोन करावा. फोटो काढण्याआधी माणसाचे नाव विचारावे. "स्माइल" म्हणू नये, काहीतरी बोलावे. हे सर्व वर्षभर केले की नाही, याचा निर्णय आबांनी, वही कोणाकडून वाचून घेऊन, द्यावा. तोवर गाळा आबांच्या ताब्यात राहावा.

६. एक गोष्ट मी आजवर कोणत्याही कागदावर लिहिलेली नाही, ती येथे लिहिते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये बोराडीच्या पुढच्या एका गावातून चमेलीबाई आल्या. त्यांचे पती वना वारले होते. गंधमुक्तीला, म्हणजे तेराव्याच्या विधीला, ठेवायला मोठा फोटो हवा होता. घरात वनांचा एकच फोटो होता, वीस वर्षांपूर्वीचा, लग्नातला, त्यात चौदा माणसे. त्यांनी बोट ठेवले. "हाऊ शे," हा आहे, म्हणाल्या. त्यांच्या बोटाखाली दोन डोकी होती, दोघांचा फेटा सारखा, मिशा सारख्या. त्या रडत होत्या. पुन्हा विचारणे मला बरे वाटले नाही. मी डावीकडचा चेहरा घेतला, तीन तास बसून साफ केला, कोट चढवला आणि दिला.

दोन महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या कागदासाठी फोटो काढायला आले. नाव चिंधा. मी कॅमेऱ्यातून पाहिले आणि ओळखले. मी साफ केलेला चेहरा यांचा होता. पावतीवर नाव-गाव लिहिताना कळले, ते वनांचे थोरले भाऊ. जिवंत माणसाच्या फोटोला त्यांच्या घरात दोन महिन्यांपासून हार होता. ते माझ्याकडे बघत होते. मी "हनुवटी थोडी खाली" म्हणाले आणि बटन दाबले. ते फोटो घेऊन गेले.

त्यानंतर सात महिने मी गप्प बसले. त्या गावाची ऑर्डर आली की तब्येतीचे कारण सांगायचे. या दिवसांत मी शीतलला दर आठवड्याला सांगत होते की धंद्यात शब्द महत्त्वाचा असतो.

डिसेंबरात रिटचिंग, म्हणजे फोटो साफ करणे, शिकताना शीतलने ती फाइल उघडली. "हे तर पेन्शनवाले बाबा ना? यांना कोट का घातला?" मी सांगितले. तिने तो चेहरा मोठा करून पाहिला.

"त्यांना सांगितलं नाही?"

"आता काय सांगणार, शीतल? हार घातलेला फोटो वर्षाच्या आत उतरवत नाहीत."

"मग वर्षभर ते आजोबा स्वतःला हात जोडणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी बसने गेली. घरात सांगून गेली नाही, त्यावरून जे झाले ते येथे लिहीत नाही. तिथे तिने मूळ फोटो मागितला आणि चमेलीबाईंच्या हातात सुई दिली. बोट नको, सुईचे टोक ठेवा. टोक उजवीकडच्या चेहऱ्यावर आले. मग तिने हात जोडून चूक सांगितली. "आमच्या स्टुडिओची चूक" म्हणाली. माझे नाव घेतले नाही.

चमेलीबाई म्हणाल्या, "माले पहिल्याच दिन समजनं व्हतं, बाई. पन त्या पोरनी इतली मेहनत करेल व्हती, तिले कसं सांगू?"

चिंधाबाबा खाटेवर बसले होते. म्हणाले, "माले तर जित्तापनीच हार भेटी गया. गावमा कोनले भेटस?" आणि उठून त्यांनी स्वतःच्या हाताने स्वतःचा फोटो खाली उतरवला.

वनांचा फोटो शीतलने केला. चार रात्री लागल्या, कारण उजवीकडच्या चेहऱ्यावर अर्धी सावली आहे. मी केला असता तर ती सावली काढून टाकली असती. तिने ठेवली. चमेलीबाईंनी तो पाहून, "हाऊच," एवढेच म्हटल्याचे तिने मला सांगितले.

७. काल रात्रीपर्यंत कलम ५ मला योग्य वाटत होते. आज ते पुन्हा वाचले. त्यातल्या सर्व गोष्टी मी स्वतः पाळते आणि तरीही सात महिने गप्प बसले. त्यातली एकही अट शीतलला त्या बसमध्ये बसवणारी नव्हती. म्हणून कलम ५ मधील सर्व अटी मी या कलमाने रद्द करते. त्या सल्ला म्हणून राहतील. पाळल्या तर हात सुधारेल, न पाळल्या तर गाळा जाणार नाही. कलम ५ खोडलेले नाही, कारण खाडाखोड असलेल्या मृत्युपत्रावर वाद होतात असे वाचले आहे. आबांना निर्णय देण्याच्या कामातून मोकळे करत आहे. माझ्यामागे गाळा थेट आणि बिनशर्त शीतलचा.

८. स्टुडिओतल्या हार्ड डिस्कवरचे फोटो लोकांचे आहेत. कोणी मागितले तर द्यावेत, जाहिरातीला वापरू नयेत. मयताच्या घरी रडणाऱ्या माणसांचे जे फोटो माझ्याकडून काढले गेले, ते 'नको' नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. ते न बघता पुसावेत.

९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी लखनने करावी. त्याला कलम ४ आवडणार नाही हे मला माहीत आहे. पण लखनने कबूल केलेले काम अर्धवट टाकल्याचे मी आजवर पाहिलेले नाही, आणि हे काम तो करील असे त्याने कबूल केले आहे. काय लिहिले आहे ते मात्र त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही.

१०. ज्यांना मी फोनवर विचारले त्या वकीलसाहेबांच्या मते पुढील मजकूर मृत्युपत्रात बसत नाही, कारण तो मी जिवंत असतानाचा आहे. तरी तो राहू द्यावा.

दोंडाईच्याची लग्नाची ऑर्डर मी दिवाळीत घेतली होती. आज तिथे हळद आहे, परवा लग्न. मला जिने चढायची परवानगी नाही. नवरीच्या वडिलांचा दोन दिवसांपूर्वी फोन आला. "ताई, मग कोणाला पाठवता?" मी म्हणाले, "आमच्या फोटोग्राफर येतील, शीतल गिरासे." ते म्हणाले, "त्यांना किती वर्षं झाली?" मी म्हणाले, "त्यांचं काम बघा, नाही आवडलं तर मला फोन करा." अजून फोन आलेला नाही.

सकाळी शीतल दोन्ही कॅमेरे घेऊन अंगणात उभी होती. पावणेआठची बस गेलेली होती. लखन चहा पीत होता. त्याने तिच्याकडे पाहिले, पिनांकडे पाहिले, आणि कप खाली ठेवून म्हणाला, "ती ट्रायपॉडची बॅग माझ्याकडे दे. पुढे बांधतो." मोटरसायकल गल्लीतून बाहेर पडली तेव्हा मी दारात होते. ते अजून परतलेले नाहीत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

ठिकाण : शिरपूर
दिनांक : १० फेब्रुवारी २०२५

(सही) हेमलता अमरसिंग गिरासे

आमच्यासमोर हेमलता गिरासे यांनी सही केली व त्यांच्यासमोर आम्ही केली :

१. (सही) सत्तार शेख, फ्रेमचे दुकान, शेजारचा गाळा. सत्तारचाचांना माझे मोठे कटर मशीन द्यायचे मनात होते. पण साक्षीदाराला काही न दिलेले बरे असे कळल्याने दिलेले नाही. ते म्हणाले, "बेटी, दवाखान्यात जाणारे सगळे असं लिहीत बसले तर आमच्या फ्रेमा कोण नेणार?" व सही केली.

२. (सही) कामिनी पाटील, शिक्षिका. यांनी सर्व पाने वाचली. कलम १० चे शेवटचे वाक्य आता खरे नाही असे त्यांनी खिडकीतून पाहून सांगितले : लखन परतला आहे, एकटा. शीतल तिथेच थांबली आहे, काम चालू आहे, असे त्याने खालून सांगितले.