दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चोपन्न, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे, राहणार घड्याळाच्या मनोऱ्यामागची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या अक्षरात आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी शेजारी भाजी निवडत बसली आहे आणि मधूनमधून वाकून वाचते आहे, ते दडपण धरू नये. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. कापणारे ते आहेत, म्हणून त्यांना तसे वाटत असावे.

१. घर. राहते घर, मागचे अंगण आणि बँकेत जी काही शिल्लक निघेल ती, सर्व पत्नीचे. अट कोणतीही नाही. रस्त्याकडे दार असलेली पुढची खोलीसुद्धा यात आली. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या खोलीत आजवर माझीच कपाटे उभी आहेत आणि पाहुण्यांना स्वयंपाकघरात बसवावे लागते, हे मी लग्नापासून ऐकत आलो आहे.

२. हत्यारे. माझे सगळे कुंचले, रंगाचे डबे आणि हात टेकवायची काठी समोरच्या पेंटरला. आमचे बोलणे बंद आहे. औषधाच्या दुकानावरची माझी पाटी माझ्या डोळ्यांदेखत उतरवून त्याने तिथे छापील प्लास्टिक ठोकले. तरीही कुंचले त्यालाच, कारण काम झाल्यावर कुंचला नीट धुऊन ठेवणारा गावात माझ्याखेरीज तो एकटाच. प्लास्टिक ठोकायला कुंचला लागत नाही, हे त्याला ते बघून रोज आठवेल.

३. आरामखुर्ची. थोरल्या भावाला. दादाने आजवरचे सगळे सल्ले मला तिच्यातच बसून दिले आहेत. शेवटचा असा: “विकून टाक रे ती कार्डं. बाहेरचा व्यापारी मागतोय ना? कागदाच्या तुकड्यांचं काय लोणचं घालायचंय?” मी म्हटले, ती माझी नाहीत. “मग कोणाची?” दादा, पुढचे कलम तुझ्यासाठी.

४. कार्डे. मी शाळा लवकर सोडली. इतिहास मला कोणी शिकवला नाही, मी तो खरवडून काढला. जुनी पाटी खरवडली की खाली त्याहून जुनी पाटी निघते, तिच्यावर दुसऱ्याच दुकानाचे नाव असते. तिथून खोड लागली. एकदा रद्दीवाल्याकडे आमच्या बाजारपेठेचे चित्र असलेले जुने पोस्टकार्ड सापडले आणि मी दारावर पाटी रंगवून लावली: ‘आपल्या गावाची जुनी कार्डे फेकू नका. इथे द्या.’ लोकांनी दिली. न्हाव्याने दिली, शिंपीणबाईंनी दिली, गिरणीतल्या माणसांनी ट्रंकांच्या तळातून काढून आणली. मी ती सालाप्रमाणे लावली नाहीत, गल्लीप्रमाणे लावली. येणारा माणूस साल विचारत नाही, ‘आमची गल्ली दाखवा’ म्हणतो.

एकदा वाचनालयाने प्रदर्शनासाठी काही कार्डे मागून नेली. कशी लावावीत ते मी लिहून दिले होते. चिटणीसांनी ते वाचले नाही आणि सगळी कार्डे पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवली. पुलाजवळच्या मावशी आपले कार्ड बघायला मुद्दाम आल्या. जुन्या लाकडी पुलाचे चित्र, पूल बांधणारी माणसे मुंगीएवढी.

“अहो, हे जरा उलटा ना,” मावशी म्हणाल्या.

“मावशी, चित्र पुढच्याच बाजूला असतं,” चिटणीस हसले.

“असेल. माझे वडील मागच्या बाजूला आहेत.”

कारण मागे त्यांच्या वडिलांनी त्यांच्या आईला लिहिले होते: ‘डावीकडून तिसऱ्या खांबाशी उभा आहे तो मी.’ मागची बाजू गेली की तो नुसता पूल उरतो, असले पूल कुठेही मिळतात. मी ते कार्ड भिजवून, वाफ देऊन सोडवले. शाई बरीचशी डिंकाबरोबर गेली. ‘तो मी’ एवढे राहिले. बाकीचे मावशींना तोंडपाठ होते. ते मी वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून सोबत ठेवले आहे.

म्हणून लिहून ठेवतो की, कार्डे ज्यांनी दिली त्यांची आहेत आणि गावाची आहेत. ती विकायची नाहीत, वाटायची नाहीत, गावाबाहेर न्यायची नाहीत. डिंक, खळ, चिकटपट्टी यांपैकी काहीही त्यांना लावायचे नाही. प्रत्येक कार्डाच्या दोन्ही बाजू दिसल्या पाहिजेत. देणाऱ्याने किंवा त्याच्या मुलाबाळांनी मागितले, तर त्यांचे कार्ड त्यांच्या हातात द्यायचे, मग तिथे कितीही मोठा पाहुणा उभा असो.

वाचनालयाच्या चिटणीसांना गाव डिंकराव म्हणते. हे नाव मीच ठेवले. त्यांनीही येऊन कार्डे बघावीत, हात खिशात ठेवून.

५. कार्डांची जागा. इथे मी ‘पुस्तके बांधणाऱ्या बाइंडरच्या माळ्यावर ठेवावीत’ असे लिहिले होते. ती ओळ खोडली आहे आणि खाडाखोडीवर सही केली आहे. कारण पत्नीने भाजी खाली ठेवली.

“माळ्यावर? तिथे उंदीर आहेत.”

“मग कुठे? वाचनालयात नाही म्हणजे नाही.”

“मी म्हटलं का वाचनालयात? राहू देत इथेच, पुढच्या खोलीत.”

“तुला खोली मोकळी हवी होती ना?”

“तुमच्या पसाऱ्यापासून हवी होती. मावशींच्या वडिलांना कुठे हाकलू मी?” आणि थोड्या वेळाने, “पण किल्ली माझ्याकडे राहील. पाय पुसल्याशिवाय कोणी आत यायचं नाही. लिहा तसं.”

तसे लिहिले आहे. ही अट तिची आहे, माझी नव्हे. कलम एकला बाध येत नाही.

६. एक कार्ड. रद्दीतले ते पहिले, बाजारपेठेचे. ते कोणी दान दिलेले नाही, मी विकत घेतले होते, म्हणून ते माझे आहे आणि मी ते पत्नीला देतो. त्याची मागची बाजू कोरी होती. काल संध्याकाळपर्यंत कोरी होती. दोन्ही बाजूंचा नियम या एका कार्डाला लागू नाही. मागची बाजू फक्त तिने वाचायची आणि कोणालाही दाखवायची नाही, दादाला तर मुळीच नाही. मी दवाखान्यातून घरी परतलो, तर ते कार्ड न वाचता मला परत मिळावे.

हे वाचून ती आत्ताच म्हणाली, “बघू.”

वरील मजकूर मी दोनदा वाचून, पटल्यावर, दोघा साक्षीदारांसमोर सही केली. त्या दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. पत्नीची सही घेतली नाही, कारण ज्याला मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील सांगतात. तिला ते पटलेले नाही.

(सही) मृत्युपत्र करणारा, पाट्यांचा पेंटर

साक्षीदार:
(सही) निवृत्त पोस्टमन, यातली काही कार्डे मुळात यांनीच घरोघर पोचवली
(सही) बाइंडर, माळ्यावर उंदीर असल्याचे यांना मान्य नाही

ठिकाण: पुढची खोली
तारीख: शस्त्रक्रियेआधीचा रविवार