घरगाडीतली तहान

दि. २ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून बापूने कागद का घेतला, असं तुला वाटेल. पण फोनवर मी दोन चांगले शब्द काढले की तू विचारतेस, काम काय ते सांग.

तर काम असं. आठ दिवसांसाठी आम्ही एक मोटरहोम भाड्याने घेतलंय. बसएवढी लांब गाडी, आत पलंग, ओटा, शेगडी, संडास, सगळं. घर पाठीवर घेऊन फिरायचं आणि आवडेल तिथे मुक्काम ठोकायचा. तू आणि आईने यायचंच आहे. अकरा वर्षं आई तुझ्याकडे आहे आणि मी वर्षातून दोनदा फळांची करंडी घेऊन पाहुण्यासारखा येतो, हे मला कळत नाही असं समजू नकोस. आभार मानायला गेलो की तू म्हणतेस, घरच्यांचे कसले आभार. म्हणून शब्दांऐवजी ही सहल. ओट्याकडे फिरकलीस तर गाडीतून उतरवीन.

सहल संपली की आई तिथूनच आमच्याकडे. नऊ महिने म्हणजे नऊ महिने. तू बिनधास्त जा आणि लोकांना दात बसव. तुझ्या भावजयीने खालची खोली रिकामी करायला घेतली आहे, आणि छोटीने आजीचा पलंग कुठे ठेवायचा तेही ठरवलंय.

नाही म्हणू नकोस. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बापू

*

दि. ९ फेब्रुवारी

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आईला चार वेळा वाचून दाखवलं. तिचे डोळे गेल्यापासून घरातला टपालवाला आणि वाचनालय मीच आहे. मुलगा घरासकट न्यायला येतोय, हे शेजारच्या शिंपिणीला सांगून झालं. तेव्हापासून गुडघ्याची तक्रार बंद आहे.

येतो आम्ही. मला गाडी लागते, आणि एवढं धूड तू मागे कसं घेणार याची मला धास्ती आहे. सायकलवरून उतरतानासुद्धा तुला खांब लागायचा. पण नऊ महिन्यांचं वाचलं आणि मी जरा खाली बसले.

तुला नीट सांगितलं नव्हतं, ते सांगते. ज्या मास्तरांकडे मला जायचं आहे, त्यांच्यासारख्या कवळ्या करणारं आता कुणी उरलं नाही. त्यांचा हात कापायला लागलाय. नऊ महिने मला शेजारी बसवून शिकवणार आणि मग कार्यशाळा माझ्या हाती देणार. वीस वर्षं मी दुसऱ्याच्या टेबलावर बसून लोकांच्या कवळ्यांचे दात घासतेय. बावन्नाव्या वर्षी मला कुणी असं विचारेल, असं स्वप्नातही नव्हतं. एक एप्रिलपर्यंत त्यांना उत्तर हवं आहे, नाहीतर ते दुसरं माणूस बघतील. तेव्हा खोलीचं खरंच नक्की असेल तरच मला आशा लाव.

छोटीला पापा. तुम्हा सगळ्यांना सुखाचं जावो.

तुझी,
ताई

*

दि. १६ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला आता बरं वाटत असेल. सहलीचा असा विचका होईल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच वळणावर कपाटं उघडून कपबशा तुझ्या मांडीत आल्या, दुसऱ्या दिवशी बाजूचं कापडी छप्पर मिटायचं विसरून मी झाडाची फांदी सोबत घेऊन निघालो, तिसऱ्या दिवशी चाकं चिखलात बसली आणि मुक्कामाच्या तळावरच्या माळ्याने ट्रॅक्टर लावून आपल्याला बाहेर काढलं. हे सगळं आठवून आम्ही अजून हसतो. पण पाचव्या दिवशी आई पायरीवरच चक्कर येऊन पडली, आणि दोन दिवस इस्पितळात गेले. तिथून ती तुझ्याबरोबर परत गेली, हेच ठीक झालं.

तुझ्या भावजयीला एक गोष्ट लागली आहे. रोज जेवताना आपण एकेकाने, आज कुणाचे आभार, ते सांगायचो. आईने रोज माझे मानले, मी त्या माळ्याचे मानले, छोटीने तर फांदीचेही मानले. तू मात्र पाठ दुखते म्हणून उठून जायचीस. माझ्यावर कसला राग असेल तर मोकळी बोल.

आता मुद्द्याचं. आईचं वय झालं, हे डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे दिवसभर घरात कुणी नसतं, जिने आहेत, खालच्या खोलीला ओल येते. तुला तिची सवय आहे, तिला तुझी आहे. मास्तरांना वर्षभर थांबायला सांग ना. तुझ्यासारखा हात त्यांना कुठे मिळणार. तू आईसाठी जे करतेस त्याबद्दल आम्ही सगळे तुझे किती आभारी आहोत, हे शब्दांत मावणार नाही.

रागावली असलीस तरी लोभ राहू दे.

तुझा,
बापू

*

दि. २० मार्च

चि. बापूस,
आशीर्वाद.

मोकळी बोल म्हणालास, तर बोलते.

आई वयाने पडली नाही. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं की अंगात पाणी नव्हतं. तू उन्हावर ढकललंस. ऊन नव्हतं, बापू, चार दिवस आभाळ भरलेलं होतं.

पहिल्या सकाळी तू गाडीखालून संडासाची पेटी ओढून काढलीस, नाकाला रुमाल लावलास आणि ती रिकामी करून आलास. मग सगळ्यांसमोर म्हणालास की जो चहा कमी पिईल त्याला माझा दुवा लागेल. आम्ही हसलो. मीही हसले, आणि सगळ्यांत जास्त आई हसली. त्या सकाळपासून तिने पाणी सोडलं. तळावरचा संडास लांब, तिथवर तिला चालवत नव्हतं, आणि गाडीतला वापरला की पेटी तुला उचलायला लागणार. कप ती ओठाला लावायची आणि आसपास कुणाची चाहूल नसेल तेव्हा मोरीत ओतायची.

मला हे दिसायला हवं होतं. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे बघायचं काम माझं नव्हतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसले, आणि मला बरं वाटत होतं. त्याची लाज मला आहे, ती तू वाटून घेऊ नकोस.

दुसरी सलाईन संपल्यावर तिने मला हे सांगितलं. म्हणाली, मुलाला माझी घाण कशी उचलायला लावू. मग माझं काय, असं मी विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. म्हणाली, तुझं वेगळं, तुझ्यापाशी कसला संकोच. यावर मी खूश व्हावं की रडावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आभाराच्या फेरीचं म्हणशील, तर मी उठून जायचे कारण तिथे बसून माझं नाव येतंय का याची वाट बघणं मला जमेना. पलंगावर पडून सगळं ऐकू यायचं. एकाही दिवशी ते आलं नाही.

ओल, जिने, मास्तर, यातलं काही मी खोडत बसत नाही. एकच मागते. आईला एक ओळ लिही. आई, पाणी पी, मी उचलीन. एवढंच. पैशाने नाही, बाई ठेवून नाही, तू. ती ओळ आली की ती तुझ्याकडे गाणं म्हणत येईल आणि मी मास्तरांना होकार कळवीन. अजून दिवस आहेत.

वाट बघते.

ताई

*

दि. ३० मार्च

चि. बापूस,
आईचे अनेक अनेक आशीर्वाद.

ताईकडून लिहवून घेते आहे. तुझं पाकीट आलं. फोटोंत काय काय आहे ते ताईने सांगितलं. मी खिडकीशी बसलेली फार ऐटीत दिसते, असं शिंपीणही म्हणाली. तो फोटो मी उशाशी ठेवला आहे.

पाणी पीत जा, असं तू लिहिलंस, ते ऐकून मला भरून आलं. एवढ्या धबडग्यात तुला माझ्या पाण्याची आठवण राहते. असा मुलगा किती जणींना असतो. सूनबाईला सांग, माझ्या पडण्यामुळे तुमच्या सुट्टीचे तीन दिवस गेले, ते मनात ठेवू नका. खालच्या खोलीची घाई करू नका. मी इथे मजेत आहे. ताई कुठे जायचं म्हणत होती, पण हल्ली तो विषय काढत नाही, म्हणजे तिलाही नकोच असणार.

तू मला जग दाखवलंस. तुझे उपकार या जन्मी फिटणार नाहीत. छोटीला गोड पापा.

तुझी,
आई

बापू, वरचं सगळं तिने सांगितलं तसंच उतरवलं आहे. तिलाही नकोच असणार, हे वाक्यसुद्धा. पुन्हा वाचून दाखवू का, असं विचारलं तर म्हणाली, नको, तू नीटच लिहिलं असशील.

मी सांगितलेल्या ओळीतला निम्मा भाग तू लिहिलास. मी उचलीन, हे तेवढं राहिलं. विसरलास म्हणावं, तर प्रत्येक फोटोमागे तारीख घालायला विसरला नाहीस.

तुझं पत्र वाचून दाखवताना ते दोन शब्द माझ्या पदरचे घालावेत, असं मनात आलं होतं. तिला कळलं नसतं. ती तुझ्याकडे हसत आली असती, विश्वासाने पेलाभर पाणी प्यायली असती, आणि मी तोवर गावाबाहेर पडले असते. दोनदा तोंडापर्यंत आलं. मग पेटी काढताना तुझ्या नाकाला लावलेला तो रुमाल आठवला, आणि त्यानंतरचं तुझं बोलणं तिला दुसऱ्यांदा ऐकायला लागू नये असं वाटलं. लिहिलं होतं तेवढंच वाचलं.

मास्तरांना नकार कळवला. तो माझ्याच अक्षरात आहे, पण लिहिला तू आहेस.

ताई