श्रावण संपायच्या आत

नांदेड, २४ जुलै २०२५

दिव्यांची अवस! घासूनपुसून दिवे पाटावर मांडले होते. हे पिऊन आले, पाटाला अडखळले. तेल सगळीकडे. मी आवरायला वाकले तर — "माझ्या वाटंत कशाला मांडतीस?" आणि कानाखाली. वैष्णवी खाली बसून वाती गोळा करत होती. ओरडली नाही. आठ वर्षांची आहे, पण ओरडायचं नाही हे कळतं!

उद्या श्रावण लागतो. म्हणून आज दाबून घेतली.

२५ जुलै

पहाटे आंघोळ, कपाळाला भस्म, पिंडीवर बेल. "महादेवाचा महिना हाय. आता थेंब न्हाई." हात असे थरथरत होते की तांब्यातलं पाणी पिंडीवर पडेना. मी हात धरला. धरू दिला.

२८ जुलै, सोमवार

दोघांचा उपवास. देवळात शिवामूठ वाहिली. शेजारच्या समीक्षावहिनी म्हणाल्या, "नशीब काढलंत बाई, असा नेमधर्माचा नवरा!" मी कानावरून पदर ओढून घेतला. सूज अजून आहे.

६ ऑगस्ट

ह्यांनी वैष्णवीची गणितं घेतली. काहीतरी गंमत केली, ती खदखदून हसली — अन् पटकन तोंडावर हात! ह्यांच्याकडे बघत राहिली. 

११ ऑगस्ट

आज धीर केला. मी म्हणाले, "पुढंही असंच राहू द्या ना. आपल्या तिघांसाठी."

रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "देवासाठी धरलंय. त्यात तू कशाला येतीस?"

१२ ऑगस्ट

म्हणजे जमतं! इतकी वर्षं वाटायचं, बिचाऱ्यांना जमतच नाही.

१७ ऑगस्ट

हे फोनवर मित्राशी बोलत होते — "पोळा होऊ दे बजरंग, मग बसू. मटणाचं मी बघतो." कसे मोकळे हसले!

सासूबाई देवासमोर माळ ओढत होत्या. त्यांना सगळं सांगितलं. वाटलं, लेकाची बाजू घेतील. त्यांनी माळ थांबवली. मग — "अंबरीशचा बाप बी असाच व्हता. जल्माचं मला श्रावणच तेवढं आठवतंय." पुन्हा माळ सुरू.

त्यांच्या तोंडाकडे बघवेना. अशाच घरात म्हातारी झालेली वैष्णवी दिसली मला.

लातूर, २२ ऑगस्ट, पोळा

माझ्या बहिणीच्या, उज्वलाताईच्या घरी आहोत. सकाळी पूजा झाल्यावर ह्यांच्यासमोर बसून सांगितलं — वैष्णवीला घेऊन जातेय. परत येणार नाही.

"आत्ता? अगं, महिनाभर थेंब घेतला न्हाई मी!"

"म्हणूनच आत्ता. शुद्धीवर आहात तोवर ऐकून घ्या."

ऐकलं. बॅगा त्यांनीच उचलून ऑटोत ठेवल्या.